जठराच्या कॅन्सरमध्ये रक्तातल्या मिथायलेशन तपासणीवरून रुग्ण किती जगेल ते कळतं का?

वडिलांचं ऑपरेशन झालंय आणि मिथायलेशनची तपासणी करून ते किती वर्षं काढतील ते कळेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही कळत. त्यासाठी पैसे घालवू नका.

इतकं ठाम लिहितेय, कारण याच तपासणीवरून मी आणि दादा वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हतो. आप्पांचं अर्ध्याहून जास्त जठर काढलं होतं. दादाने कुठेतरी वाचलं, की ट्यूमरमध्ये आरयूएनएक्स३, सीडीएच१ अशी कॅन्सरला आवर घालणारी जनुकं मिथाइल गट चिकटून (हेच मिथायलेशन) बंद पडतात, पेशी मेल्या की त्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात, आणि ज्यांच्या रक्तात ते सापडतात त्यांचा आजार जास्त वाईट वळण घेतो. वाचलेलं खोटं नव्हतं. रक्त पाठवलं, रिपोर्ट आला ‘हाय रिस्क’. दादा म्हणाला, मग केमोचे हाल कशाला, घरी नेऊ या.

त्या रात्री मी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट पुन्हा काढला. ऑपरेशनमध्ये काढलेल्या लिम्फ नोडपैकी (कॅन्सर जिथे आधी पसरतो त्या गाठी) ९ तपासलेले, २ मध्ये कॅन्सर. निदान १६ तरी तपासावेत असं मानतात. कमी नोड बघितले तर कॅन्सर किती पसरलाय ते नीट कळत नाही, म्हणजे आप्पांची स्टेजच भरवशाची नव्हती! हा आकडा महिनाभर फाइलमध्ये पडून होता. सर्जनने सांगितला नाही, आम्ही विचारला नाही. मी फाइल घेऊन दुसऱ्या ऑन्कोलॉजिस्टकडे गेले. केमो सुरू झाली, दर तीन आठवड्यांनी, आठ वेळा. त्यातल्या ऑक्झालिप्लॅटिन या औषधामुळे गार भांड्याला हात लागला की आप्पांच्या बोटांत कळ जायची. वहिनी पाणी कोमट करून, पेल्याला फडकं गुंडाळून द्यायची. एवढं सोसून त्यांनी आठही पूर्ण केल्या.

चार वर्षं जगले. आजार उलटला तेव्हा दादा म्हणाला, बघ, रिपोर्ट खराच होता. नाही दादा. ‘हाय रिस्क’ हा सारख्या रुग्णांच्या गटाचा अंदाज असतो, त्या गटात आप्पा कुठे बसतात ते त्यात लिहिलेलं नसतं. उपचार सोडा असं तर नव्हतंच. धोका जास्त म्हणून माणूस औषध सोडतो का?

तुम्ही वडिलांच्या काढलेल्या ट्यूमरवर एमएसआय तपासून घ्या, म्हणजे पेशीतली डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडली आहे का ते. तो ‘हाय’ आला तर केमो द्यायची का, हाच विचार बदलू शकतो. त्यामागे बहुतेकदा एमएलएच१ या दुरुस्ती करणाऱ्या जनुकाचं मिथायलेशनच असतं, त्यामुळे हे शास्त्र बिनकामाचं आहे असं माझं म्हणणं नाही. कुणी संशोधनासाठी रक्त मागितलं तर जरूर द्या. मी डॉक्टर नाही, हा आमच्या एका घरातला अनुभव आहे. पण नोड किती तपासले ते आजच रिपोर्टमध्ये बघा, आणि किती वर्षं उरलीत हे वडिलांना जाणून घ्यायचं आहे का, तेही त्यांना विचारा. आप्पांना आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं.