शनिवार ते शनिवार

पोरी,

शिडाची बोट विकत घ्यावी की भाड्याने, याचा तुझ्या नवऱ्याने केलेला हिशेब पाहिला. बरोबर आहे. मरीनातली (बोटींच्या धक्क्यावरची) जागा, विमा, दरवर्षी बोट पाण्याबाहेर काढून बुडाला शेवाळ-शिंपले न धरू देणारा अँटिफाउलिंग रंग मारणं, हा सगळा खर्च धरला तर दर उन्हाळ्यात आठवडाभर ग्रीसमध्ये बोट भाड्याने घेणं स्वस्त. त्यावर वाद नाही. पण त्या तक्त्यात एक रकाना नाही: न जाण्याचा.

भाड्याची बोट शनिवारी हातात येते आणि बहुतेक ठिकाणी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कंपनीच्या तळावर परत लागते. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीसच्या एजियन समुद्रात मेल्तेमी वारा सुटतो. आभाळ स्वच्छ, ऊन लख्ख, आणि उत्तरेकडून ब्यूफोर्ट मोजणीत सातचा, म्हणजे जवळपास वादळी वारा, कधी कधी सलग काही दिवस. तू पारोस बेटावर, तळ अथेन्सजवळ, म्हणजे जायचं वाऱ्याच्या तोंडावर. काय करशील? आम्ही निघालो. मुलं खाली ओकत होती, काकू कॉकपिटमध्ये पट्ट्याने बांधून घेऊन बसली होती. शीड रीफ केलेलं, म्हणजे आवळून लहान केलेलं होतं, लाइफजॅकेटं अंगात होती, बोट वेळेत पोचवली. चालवण्यात माझी काही चूक नव्हती, हे मी आजही सांगतो. चूक त्या शुक्रवारची. काकूला मात्र ते अजून पटलेलं नाही, आणि शिडाच्या बोटीवर तिने परत पाय ठेवला नाही.

म्हणून म्हणतो, पोरं बरोबर असतील तर न जाता आलं पाहिजे. समज, इकडे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर न्यूटाउन क्रीक या खाडीत नांगर टाकायचं ठरवलंस आणि सकाळी सोलेंटच्या सामुद्रधुनीत ओहोटीचं पाणी पश्चिमेला धावतंय, नैर्ऋत्येचा वारा त्याच्या समोरून आदळून लाटा उठवतोय, तर जाऊ नकोस. धक्क्यालाच पोहे कर, पोरांना बोलाइनची गाठ शिकव, डिंगी (छोटी होडी) वल्हवू दे, संध्याकाळी घरी. स्वतःच्या बोटीत पैसे आधीच बुडालेले असतात, त्यामुळे ते वसूल करायला कोणी वादळात निघत नाही!

ग्रीसच्या पश्चिमेचा आयोनियन समुद्र शांत असतो, हे मला ठाऊक आहे. लेफ्कादा बेटावरून इथाका बेटाला पोरांना घेऊन जाणं सुखाचंच आहे. जा की, कोण अडवतंय? पण आठवडा तिथेही शुक्रवारीच संपतो.

आणि अडतीस फुटी कशाला गं? पाहुण्यांसाठी? पाहुणे एकदा येतात, बिल दरमहा येतं. वेस्टर्ली कंपनीची जुनी सेंटॉर बोट बघ. 26 फुटी, 1969 पासून दोन हजारांवर बांधल्या गेल्या, अजून सापडतात. खाली दोन कील (बुडाखालची पाती), ओहोटीला चिखलात सरळ उभी राहते. वेगाने पळत नाही. तुला कुठे पळायचंय?

बोट घरापासून तासाभरात हवी. हे ऐकच. दोन-तीन तास गाडी हाकून आलेला माणूस वारा बघून परत फिरत नाही, मग स्वतःची असून काय उपयोग? लांबच्या प्लिमथची ती बोट स्वस्त आहे म्हणून पाठवलेली जाहिरात मी शेवटपर्यंत वाचलीही नाही.

बोट तपासणारा सर्व्हेअर स्वतःचा ने, मालकाने सुचवलेला नको. स्टँडिंग रिगिंग (डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा) कधी बदललं त्याची पावती माग. दहा वर्षं उलटली असतील तर विमावाले बहुधा विचारतातच. आणि मालक म्हणाला की दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय, तर येऊ दे त्याला.

तुझा,
काका