महाबळेश्वराहून खाली, तरी उन्हाळ्यात बर्फ!

प्रश्न : मुलगा म्युनिकला असतो. जुलैत आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. वात्समान डोंगराच्या पायथ्याशी 'आइसकापेले' नावाची बर्फाची गुहा आहे, ती दाखवतो म्हणतो. ऐन उन्हाळ्यात पायथ्याला बर्फ टिकतो कसा? अमरनाथसारखं आत जाता येतं का? माझे गुडघे कुरकुरतात.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काका, आत जायचं नाही. चिरंजीव "काही होत नाही" म्हणाले तरी नाही.

अमरनाथची गुहा दगडाची आहे. आत झिरपणारं पाणी गोठून पिंडी होते. इथं छतच बर्फाचं, आणि ते वितळत असतं. वात्समान २७१३ मीटर उंच. त्याचा पूर्वेकडचा कडा सुमारे १८०० मीटरचा, इतका उभा की त्यावर बर्फ ठरत नाही. हिवाळ्यात आणि वसंतात तो कोसळून पायथ्याच्या घळीत साठतो, स्वतःच्याच वजनानं दबून घट्ट होतो. जागा हजार मीटरच्याही खाली, म्हणजे आपलं महाबळेश्वर तिच्याहून उंच! तिथली हवा काही बर्फ राखण्याइतकी थंड नाही. येणारा माल जास्त, वितळणारा कमी, एवढाच हिशोब. शिवाय कड्याची सावली, आणि मोठा ढीग सावकाश वितळतो. बर्फाच्या कारखान्यात लाद्यांची थप्पी मे महिन्यातही तग धरते आणि सरबतातला खडा घोट घेईपर्यंत विरघळतो, तसंच.

गुहा कोरतो तो ढिगाखालून वाहणारा ओढा. मग त्या वाटेनं उबदार हवा शिरते आणि पोकळी वाढवत नेते. मी गेलो तेव्हा तोंडापासून बऱ्याच अलीकडे पायांना गार झोत लागला. बर्फ शुभ्र वगैरे नव्हता. खडी, माती, मोडक्या फांद्या, सगळं त्यात रुतलेलं. छताला तळहाताएवढे खळगे, प्रत्येकाच्या कडेवरून थेंब गळत होता. उन्हाळा सरतो तसं तोंड रुंदावतं आणि छत पातळ होतं. फोटोला सगळ्यात छान दिसते तीच वेळ धोक्याची. कधी कोसळेल ते सांगून कोसळत नाही.

आता गुडघे. क्योनिगसे तलावातून बोटीनं सेंट बार्थोलोमेला उतरायचं. १९०९ पासून तिथं विजेवरच्या बोटी आहेत. पुढं तासाभराहून थोडी जास्त चाल. सुरुवातीची जंगलवाट सोपी, शेवटी नुसते धोंडे. वहिनींना तलाव आणि लाल घुमटांचं चर्च दाखवून तुम्ही तिथंच बसलात तरी चालेल. अलीकडे बर्फ बराच आटला आहे, तेव्हा निघण्याआधी गुहा शाबूत आहे का, याची बेर्ख्टेसगाडेन राष्ट्रीय उद्यानाकडे चौकशी करायला मुलाला सांगा.

कुणी ऑस्ट्रियातली 'आइसरीझेनवेल्ट' सुचवेल. ती दगडी गुहा, वाटाड्यासोबत आत नेतात, पण आतच सातशे पायऱ्या चढून तेवढ्याच उतरायच्या. तुम्हाला जमणार नाही.

आणि परतीची शेवटची बोट किती वाजता, हे उतरतानाच विचारून घ्या. सेंट बार्थोलोमेला गाडीरस्ता नाही.