घरात असेल त्यात चिकन सूप

नुसतं बोनलेस आणू नका, सूप पाणचट होतं. मान, पाठ, पंख मिळून अर्धा किलो घ्या. चमचाभर तेलात कांदा, ठेचलेलं आलं-लसूण परता. चिकन, पाव चमचा हळद घालून ५ मिनिटं हलवा, मग सव्वा लिटर पाणी. उकळी आली की राखाडी फेस पळीने काढा आणि गॅस लगेच बारीक करा. इथेच बहुतेकांचं बिघडतं: खळाखळा उकळलं की चरबी बारीक फुटून पाण्यात मिसळते, सूप गढूळ आणि तेलकट होतं. कडेने एखाद-दुसरा बुडबुडा येत राहिला की पुरे. ब्रॉयलरला ४० मिनिटं, गावठीला दीड तास. पाणी आटतं, म्हणून मीठ शेवटी. गाजर नसेल तर अडत नाही. कॉर्नफ्लोअर मात्र कशाला? मिरपूड वाढताना.