पांढरा दिवा लुकलुकतो आणि विझतो

प्रश्न : आमच्याकडे प्लेस्टेशन ४ हे टीव्हीवर गेम खेळायचं यंत्र आहे, त्याचे हातात धरून खेळायचे दोन वायरलेस कंट्रोलर आहेत. धाकट्याने त्यातला एक सुट्टीत मावसभावाच्या मोबाइलला जोडला होता. घरी आणल्यापासून तो टीव्हीवर चालतच नाही. मधलं बटण दाबलं की पांढरा दिवा थोडा वेळ लुकलुकतो आणि विझतो. रात्रभर चार्जिंगला लावला, तरी तेच. दुरुस्तीवाला म्हणतो, आतला बोर्ड गेलाय, नवीन घ्या. धाकट्यानेच पाडला असणार म्हणून तो सगळ्यांची बोलणी खातोय आणि ‘मी नाही पाडला’ म्हणून रडतोय. काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी मुलाला जवळ घ्या आणि त्याने काहीही मोडलेलं नाही, हे सगळ्यांसमोर सांगा. कंट्रोलरचं नंतर बघू. दिवा लागतोय म्हणजे बॅटरी ठीक आहे, मधलं बटणही ठीक आहे. तो कंट्रोलर हाक मारतोय, पण ज्याला मारतोय तो मोबाइल मावशीकडे आहे.

प्लेस्टेशन ४चा कंट्रोलर ब्लूटूथवर चालतो. पेअर करताना, म्हणजे पहिल्यांदा जोडी जुळवताना, तो समोरच्या यंत्राचा पत्ता साठवून घेतो, पण एका वेळी एकाच यंत्राचा. मोबाइलला जोडला त्या क्षणी तुमच्या प्लेस्टेशनचा पत्ता पुसला गेला. गंमत म्हणजे प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथच्या यादीत तो कंट्रोलर अजून दिसत असेल, त्यामुळे माणूस आणखीच गोंधळतो. २०१९मध्ये अँड्रॉइड १० आणि आयफोनची आयओएस १३ प्रणाली आल्यापासून हे कंट्रोलर मोबाइलला सहज जोडता येतात. मुलं ते पटकन शिकतात आणि त्यात वावगं काहीच नाही.

आता उपाय. प्लेस्टेशन सुरू करा, कंट्रोलर यूएसबी केबलने त्याला जोडा आणि केबल लावलेली असतानाच मधलं पीएस बटण दाबा. पेअरिंग एवढंच. दिवा रंगीत होऊन स्थिर झाला की केबल काढा.

पण केबल कुठली, यावर सगळं अडतं, म्हणून इथे जरा थांबते. यूएसबी केबलमध्ये विजेच्या दोन तारा असतात आणि माहितीची ने-आण करायला आणखी दोन. पॉवर बँक, दिवे, हेडफोन अशा वस्तूंबरोबर येणाऱ्या कित्येक केबलींत या दुसऱ्या दोन तारा नसतातच. बाहेरून फरक कळत नाही. अशा केबलने कंट्रोलर चार्ज होतो, नारिंगी दिवा सावकाश उजळतो-मंदावतो, आणि आपल्याला वाटतं जोडणी झाली. प्लेस्टेशनला मात्र कंट्रोलर लावलाय याचा पत्ताच नसतो. माझ्याकडे अशी तक्रार आली की कंट्रोलरच्या आधी मी केबल मागते. पारख सोपी आहे : त्याच केबलने मायक्रो यूएसबीचा एखादा जुना मोबाइल कॉम्प्युटरला जोडा आणि मोबाइलवर फाइल ट्रान्सफर निवडा. कॉम्प्युटरवर मोबाइलमधले फोटो दिसले तर केबल कामाची. नुसता चार्ज होत राहिला तर ती बाजूला ठेवा, दुसरी शोधा.

केबल चांगली असूनही जमलं नाही, तर कंट्रोलर रीसेट करा. प्लेस्टेशन पूर्ण बंद करा. कंट्रोलर उलटा धरा, एल२ बटणाच्या बाजूला स्क्रूजवळ एक बारीक छिद्र दिसेल. त्यात टाचणी किंवा उलगडलेली पेपरक्लिप घाला. आत बारीकसं बटण दबल्याचं बोटाला जाणवतं. पाचेक सेकंद दाबून धरा आणि सोडा. जोर लावायची गरज नाही. मग प्लेस्टेशन सुरू करून पुन्हा केबल, पुन्हा पीएस बटण.

दोन्ही कंट्रोलर एकदम चालू केले की आधी लागलेल्याचा दिवा निळा, दुसऱ्याचा लाल दिसेल. लाल म्हणजे बिघाड नव्हे, तो दुसऱ्या खेळाडूचा रंग आहे.

मावसभावालाही एक निरोप द्या : त्याच्या मोबाइलच्या ब्लूटूथ यादीतून हा कंट्रोलर काढून टाक. आणि दुरुस्तीवाल्याकडे परत जायच्या आधी हे सगळं करून पाहा. केबल न बदलता, रीसेट न करता ‘बोर्ड गेला’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. चांगल्या वस्तू अशाने कचऱ्यात जातात.

प्रश्न : माझा एक्सबॉक्स सिरीज एसचा कंट्रोलर मी लॅपटॉपलाही ब्लूटूथने जोडतो. दर वेळी परत नव्याने पेअर करावं लागतं का?

उत्तर : नाही. एक्सबॉक्स आपल्या कंट्रोलरशी ब्लूटूथने बोलतच नाही, त्याची स्वतःची वेगळी वायरलेस पद्धत आहे. त्यामुळे तुझा कंट्रोलर एक एक्सबॉक्स आणि एक ब्लूटूथ यंत्र, दोन्ही लक्षात ठेवतो. वरच्या कडेला यूएसबीच्या खाचेजवळ पेअरचं छोटं बटण आहे, ते पटापट दोनदा दाब, तो एकीकडून दुसरीकडे जाईल. दाबून धरू नकोस, धरलंस तर तो नव्याने पेअरिंग सुरू करतो. तसं चुकून झालंच, तर आधी एक्सबॉक्सवरचं पेअर बटण दाब आणि २० सेकंदांच्या आत कंट्रोलरवरचं दाबून धर. मधला दिवा भराभर लुकलुकून स्थिर झाला की खेळायला लाग.