थिमय्यांचा राजीनामा आणि थोरातांची हुकलेली खुर्ची

प्रश्न असा आहे की, लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी १९५९ मध्ये चीनच्या मुद्द्यावर राजीनामा दिला का, आणि तो परत घेणं ही त्यांची चूक होती का.

पहिलं निम्मंच खरं. राजीनामा ३१ ऑगस्टचा आणि ईशान्य सीमेवर लाँगजूला चिन्यांशी झालेली चकमक २५ तारखेची, म्हणून दोन्हींची सांगड पटकन घातली जाते. चीनबद्दल त्यांना काळजी होतीच. पण ठिणगी पडली बढत्यांवरून. मेजर जनरल बी. एम. कौल यांना लेफ्टनंट जनरल करायचं हे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ठरवलं होतं, थिमय्यांची पसंती वेगळी होती. थिमय्या परस्पर नेहरूंशी बोलले, मेनन यांना ते कळलं, खडाजंगी झाली आणि पत्र गेलं. नेहरूंनी गळ घातली म्हणून मागेही घेतलं, तोवर बातमी फुटली होती. २ सप्टेंबरला नेहरूंनी संसदेत मतभेद किरकोळ ठरवले, मुलकी सत्ताच श्रेष्ठ असं बजावलं. मेनन जागचे हलले नाहीत, थिमय्या मात्र तोंडघशी पडले.

आणि माणूस कोण? काश्मीरच्या युद्धात १ नोव्हेंबर १९४८ ला लडाखच्या वाटेवरच्या, साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी खिंडीत स्टुअर्ट रणगाडे चढवणारा, स्वतः पुढच्या रणगाड्यात बसणारा. एवढ्या उंचीवर रणगाडे येतील हे समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

माझ्या मते पत्र परत घेणं ही चूक नव्हती, पाठवणं होती. बढत्यांच्या भांडणात हुकमी पान टाकून बसले, मग सीमेच्या तयारीसाठी हातात काही उरलं नाही. याची किंमत आपल्या कोल्हापूरकडच्या शं. पां. पाटील थोरातांनी मोजली (हा भाग मराठीतही फारसा सांगितला जात नाही, याचं मला नवल वाटतं). ते तेव्हा लखनौला पूर्व विभागाचे प्रमुख होते. मार्च १९६० मध्ये त्यांनी चिनी हल्ला गृहीत धरून 'लाल किल्ला' हा लष्करी सराव घेतला. त्यांचं म्हणणं साधं होतं: ऐन सीमेवर हलक्या चौक्या ठेवा, खरी लढाई मागे द्या, जिथे चिन्यांची रसद ताणली जाईल. मेनन यांनी ते मनावर घेतलं नाही. मे १९६१ मध्ये निवृत्त होताना थिमय्यांनी वारस म्हणून थोरातांचं नाव सुचवलं, नेमले गेले जनरल पी. एन. थापर. थोरातही त्याच महिन्यात निवृत्त झाले. कौल पुढे ऑक्टोबर १९६२ मध्ये आसामात तेजपूरला, चीनशी लढायच्या चौथ्या कोअरचे प्रमुख म्हणून उतरले. लढाईत तुकडी हाताळण्याचा अनुभव जवळजवळ शून्य.

दुसऱ्या महायुद्धात, १९४५ मध्ये, ब्रह्मदेशातल्या आराकानात कांगावला एकाच ब्रिगेडच्या तीन पलटणी तीन भारतीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली लढल्या होत्या: थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. १९६२ च्या चीन युद्धात थिमय्या घरी होते, थोरातही घरी होते. लखनौच्या, म्हणजे पूर्व विभागाच्या, खुर्चीत सेन होते.