प्रेअरीला ‘माळ’ म्हणावं का?

प्रश्न : शिकागोजवळ एक जुनी प्रेअरी राखलेली आहे, तिथे मी स्वयंसेवक आहे. येणाऱ्या मराठी मंडळींसाठी पत्रक करतेय. ‘प्रेअरी आणि वुडलँडमधली नेटिव्ह झाडं’ याला ‘माळरान आणि जंगलातली देशी झाडं’ म्हटलं तर चालेल?

उत्तर : ‘माळ’ नको. माळ म्हटलं की मुरूम, खडे आणि पायांत टोचणारी कुसळं डोळ्यांपुढे येतात. कुणाच्या जमिनीला ‘नुसता माळ’ म्हणून बघा, वाद होईल. इलिनॉयची प्रेअरी याच्या अगदी उलट. तिथलं बिग ब्लूस्टेम गवत माणसाच्या डोक्यावरून जातं, मुळं दोन-तीन मीटर खोल. ती शतकानुशतकं कुजत राहिली आणि काळी, कसदार जमीन तयार झाली. एवढी चिकट, की बिडाच्या नांगराला लपेटून बसायची. १८३७ मध्ये जॉन डिअर या लोहाराने पोलादी नांगर केला तो त्यासाठीच. आज त्या राज्यात मूळची प्रेअरी एक टक्काही उरलेली नाही.

फ्रेंचमध्ये ‘प्रेअरी’ म्हणजे कुरण. पण आपलं कुरण कुणीतरी राखलेलं असतं, आणि वर्तमानपत्रांनी तर ते भ्रष्टाचाराला देऊन टाकलंय. शाळेच्या भूगोलात स्टेप, पंपासबरोबर भेटलेला ‘प्रेअरी’च राहू द्या. पहिल्या उल्लेखाला ‘म्हणजे उंच गवताचं रान’ एवढं जोडा. घाटावर ‘रानात गेलाय’ म्हणजे शेतात गेलाय. प्रेअरीचीही पुढे शेतंच झाली, तेव्हा तोही अर्थ वाया जात नाही.

‘जंगल’ फार दाट होतं. तिथल्या वुडलँडमध्ये ओक सुटेसुटे असतात, खाली ऊन पोचतं. ‘ओकची झाडी’ पुरे.

आता ‘देशी’. अमेरिकेतल्या मराठी घरात देशी म्हणजे आपलं : देशी दुकान, देशी भाजी. ‘देशी झाडं’ वाचून लोक कढीपत्ता शोधत येतील. ‘मूळची’ किंवा सरळ ‘इथली’ लिहा. आपल्याकडचं मारवेल गवत चाऱ्यासाठी टेक्सासात गेलं, तिथे त्याचं नाव क्लेबर्ग ब्लूस्टेम झालं, आणि आता तिथल्या मूळच्या गवतांना हुसकावतं म्हणून त्याच्यावर नजर ठेवावी लागते. तुमच्या पत्रकातल्या ‘देशी’त मारवेल बिनदिक्कत शिरेल.