जास्तीचं पान

चि. लेखिकेस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची सात प्रकरणं वाचली. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित छावणीतली तुझी अनाथ पोलिश मुलगी आवडली. तिचा देव मात्र फारच आज्ञाधारक आहे. तिने हात जोडले की कुणीतरी मायेचं माणूस दारात हजर! अगं, १९४० साली रशियनांनी घरातून उचलून सैबेरियात नेलेली, तिथून इराणमार्गे १९४३ मध्ये कोल्हापूरला पोचलेली पोर ती. ती उशीखाली पाव लपवेल. प्रार्थना म्हणेल आणि देवावर रुसेलही. आपल्या जनाबाईने विठ्ठलाला शिव्या घातल्याच की! तेवढी मोकळीक हिलाही दे.

नाताळच्या आदली रात्र तू दोन ओळींत उरकलीस. तिथे थांब. पोलिश घरांत त्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही. पोरं माना वर करून उभी. मग ओप्लातेक, पापडाहून पातळ अशी पांढरी पोळी, एकमेकांच्या हातातली मोडून खायची. आणि टेबलावर एक पान जास्तीचं, अवचित येणाऱ्यासाठी. ते पान तिला मांडायला लाव. ती कुणाची वाट बघते, हे लिहू नकोस. शेजारच्या खोलीतली बाई नुसती तिच्याजवळ सरकून बसू दे. पुढे हीच तिला सांभाळणार ना? मग नातं इथून सुरू कर, प्रवचनातून नको.

एक ढोबळ चूक. शेवटी ती गाडीत बसून ‘आपल्या घरी’ परतते. कुठल्या घरी? तिचं गाव पोलंडच्या पूर्वेकडचं. युद्धानंतर तो मुलूखच सोव्हिएत संघात गेला. छावणीत सुमारे ५,००० माणसं होती, बहुतेक बायका-मुलं. १९४८ पर्यंत ती पांगली. बरीचशी इंग्लंडला गेली. त्याच बराकींत मग फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं आली. तेच आजचं गांधीनगर, जिथे आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो.

आणि कोल्हापूरकरांना देवदूत करू नकोस. (मी तिथलाच, मोह मलाही होतो.) भाजीवालीला एखादा आणा जास्त लावू दे, मुलीला खुणांनी घासाघीस करू दे. त्यातूनच ती मराठी शिकेल.

आठवं प्रकरण इतक्यात पाठवू नकोस. आधी ती नाताळची रात्र.

तुझा,
काका